कडक म्हणजे किती कडक?

दिवाळीत आपण सगळेच परीक्षक असतो. शेजारून फराळाचं ताट आलं की तोंडाने "छान झालंय हो" म्हणतो आणि मनात गुण मांडतो. चकलीला काटे सुरेख, पण मोहन कमी पडलं. अनारशाला जाळी पडली आहे, खालची बाजू मात्र जरा जास्त लाल. हे गुण कुणी कागदावर लिहीत नाही. लिहायला लागलो तर अल बर्शातल्या निम्म्या इमारतींत लोक एकमेकांशी बोलायचे थांबतील.

मी ज्या पदार्थाविषयी लिहिणार आहे, त्याला मात्र कागदावर गुण देतात, तेही ५० पैकी. पदार्थ आहे बेल्जियन पद्धतीची कडक एल, म्हणजे बिअरचाच एक प्रकार. विषय सांगितला तेव्हा संपादक मंडळाने आधी एकमेकांकडे पाहिलं आणि मग म्हणाले, इतिहास असेल तर लिहा. तेव्हा हा इतिहासच आहे. तुम्ही घेत नसाल तर तसाच वाचा; घेत असाल तर या देशाचे नियम पाळून, परवाना असलेल्या जागी आणि गाडीची किल्ली घरी ठेवून घ्या. इथे गाडी चालवताना रक्तात थोडंसंही मद्य चालत नाही, हे तुम्हाला नव्याने सांगायला नको.

प्रश्न सुचला तो एका काकांमुळे. एका मित्राचे वडील कोल्हापूरहून इथे आले होते. आम्ही चौघं-पाचजण एका हॉटेलात बसून गुणपत्रिका समोर ठेवून बेल्जियन 'ट्रिपल' चाखत होतो. बाटलीवर ९.५ टक्के लिहिलेलं. कुणी ५० पैकी ४१ दिले, कुणी ३६. काकांनी पेला संपवला, मिशी पुसली आणि १८ लिहिले. कारण विचारलं तर म्हणाले, "सरबत आहे हो. ह्यात कडक काय आहे? आमच्याकडं स्ट्राँग म्हणजे पहिल्या घोटाला कळतं." वीसेक मिनिटांनी ते उठायला गेले आणि पुन्हा खाली बसले. "आता कळलं," म्हणाले. पण गुण वाढवले नाहीत.

काकांनी आयुष्यात घेतलेल्या कुठल्याही बिअरपेक्षा ती बाटली जास्त कडक होती आणि तरी त्यांच्या जिभेला ती कडक वाटली नाही. यात चूक जिभेची नव्हती. कडक या शब्दाचा अर्थ त्यांच्यासाठी एका इतिहासाने ठरवला होता आणि त्या बाटलीसाठी दुसऱ्या. दोन्ही इतिहासांत आचारी कमी आणि कायदे करणारे जास्त आहेत.

आधी ती गुणपत्रिका पाहू. अमेरिकेत १९८५ साली बिअरच्या परीक्षकांना प्रमाणपत्र देणारी एक संस्था सुरू झाली. तिची पद्धत आता जगभर चालते. सुगंधाला १२ गुण, रूपाला ३, चवीला २०, तोंडात कशी लागते त्याला ५ आणि एकंदर परिणामाला १०. पंचेचाळीसच्या वर गेली तर अप्रतिम, तेराच्या खाली आली तर काहीतरी बिघडलेलं आहे असं समजायचं. परीक्षक आपल्या आवडीनुसार गुण देत नाही, हे यातलं महत्त्वाचं. प्रत्येक प्रकाराचं एक वर्णन ठरलेलं असतं आणि समोरची बिअर त्या वर्णनाला किती उतरते ते पाहायचं. पुरणपोळीला गुण देताना ती गुळपोळीसारखी नाही म्हणून कापायचे नाहीत, तसं.

ट्रिपलचं वर्णन असं : रंग गडद पिवळा ते सोनेरी, वर दाट पांढरा फेस. वासात मिरी, थोडी लवंग, संत्र्याची साल. मध्ये माल्टचा मऊ गोडवा, पण शेवट कोरडा, किंचित कडवट. मद्याचं प्रमाण ७.५ ते ९.५ टक्के. आणि मुख्य अट ही की मद्य जाणवता कामा नये. घशात हलकी ऊब चालेल, चटका चालणार नाही. चटका लागला की गुण गेले. म्हणजे काकांना जी उणीव वाटली, तीच परीक्षकाच्या लेखी त्या बाटलीची सगळ्यात मोठी कमाई होती. शिवाय त्या गुणपत्रिकेत टक्क्यांसाठी वेगळा रकानाच नाही.

आता बेल्जियमला जाऊ. साल १९१९. पहिलं महायुद्ध नुकतंच संपलं होतं. देश चार वर्षं जर्मनांच्या ताब्यात होता; बिअर गाळण्याची तांब्याची भांडी जर्मनांनी दारूगोळ्यासाठी उचलून नेली होती. अनेक छोटे कारखाने पुन्हा उभेच राहिले नाहीत. एमिल व्हँडरव्हेल्ड हे समाजवादी नेते न्यायमंत्री होते. कामगारांच्या घरांची जेनेव्हरने, म्हणजे तिथल्या जिनसारख्या गाळीव दारूने, केलेली दशा त्यांनी जवळून पाहिली होती. २९ ऑगस्ट १९१९ च्या कायद्याने कॅफे आणि खानावळींत गाळीव दारू देण्यावर बंदी आली. दुकानातून घ्यायची तर एका वेळी किमान दोन लिटर. ही दोन लिटरची अट नीट पाहा. पैसेवाला माणूस दोन लिटर घेऊन घरी ठेवू शकत होता. रोजंदारीवरचा मजूर संध्याकाळी एक पेला घ्यायचा. दोन लिटरचे पैसे तो एकदम कुठून आणणार? कायद्यात कुठेही 'गरिबांना बंदी' असं लिहिलेलं नव्हतं. लिहायची गरजच नव्हती.

बिअरवर बंदी नव्हती. ज्या गिऱ्हाइकाला थंडीच्या रात्री जेनेव्हरची ऊब हवी होती, त्याला आता कॅफेत बिअरच मिळणार होती. मग बिअर बनवणाऱ्यांनी ती ऊब बिअरमध्ये आणली. सगळं श्रेय कायद्याला देऊ नये, हेही सांगतो. युद्धानंतर बेल्जियममध्ये इंग्लिश आणि स्कॉटिश एलची चलती होती आणि जर्मन-चेक पद्धतीच्या फिकट लागरशी स्पर्धा करायची तर काहीतरी वेगळं हवंच होतं. पण कडक बिअरला कॅफेतलं रिकामं स्टूल मिळालं ते या कायद्यामुळे, आणि ते स्टूल १९८३ साली कायदा रद्द होईपर्यंत, म्हणजे साठ वर्षांहून जास्त, तिच्याच ताब्यात राहिलं. दोन पिढ्यांची जीभ तयार व्हायला तेवढा काळ पुरतो.

ब्रेनडोंक गावातल्या मूर्टगाट घराण्याची गोष्ट यातली सगळ्यात प्रसिद्ध. कारखाना १८७१ चा. युद्ध संपल्यावर आल्बेर मूर्टगाट चांगल्या यीस्टच्या शोधात स्कॉटलंडला गेले आणि तिथून विरजण आणावं तसं यीस्ट घेऊन आले. विजयाच्या आठवणीत एलचं नाव ठेवलं 'व्हिक्टरी एल'. १९२३ च्या सुमारास चाखायला बसलेल्या गावातल्या एका जोडे बनवणाऱ्या कारागिराने पेला नाकाशी धरला आणि म्हणाला, हा तर खरा सैतान आहे. स्थानिक बोलीत सैतानाला 'डूव्हेल' म्हणतात. तेच नाव पडलं, आणि आज ८.५ टक्क्यांची ती एल जगभर त्याच नावाने विकली जाते. माझ्या मते जगातलं सर्वात छोटं आणि सर्वात टिकाऊ परीक्षण ते हेच. ती तेव्हा गडद रंगाची होती. आजचा सोनेरी अवतार १९७० च्या आसपासचा.

दुसरं नाव वेस्टमाल. अँटवर्पजवळचा हा ट्रॅपिस्ट मठ. मौन आणि कष्टाला महत्त्व देणारे साधू तिथे राहतात आणि १८३६ पासून बिअर बनवतात, आधी स्वतःच्या जेवणासाठी, नंतर मठाच्या खर्चासाठी. १९३४ साली नवी भट्टी बांधली तेव्हा त्यांनी फिकट रंगाची कडक एल काढली, तिला 'ट्रिपल' म्हटलं. नावात तीन असले तरी तिप्पट काही नाही. पुढे इतरांनी तिच्या इतक्या नकला केल्या की तो एक प्रकारच झाला आणि गुणपत्रिकेतलं वर मी दिलेलं वर्णन बहुतांश तिच्याकडे पाहूनच लिहिलेलं आहे.

इतकं मद्य असूनही ती जड का होत नाही? इथे आपल्या स्वयंपाकघराशी नातं जुळतं. नुसत्या माल्टवर ९ टक्के गाठायला गेलात तर बिअर काढ्यासारखी दाट होते. बेल्जियन लोक माल्टच्या जोडीला साखर घालतात. यीस्ट ती साखर पूर्ण खाऊन टाकतं, मद्य वाढतं आणि गोडवा उरत नाही. या साखरेला ते 'कँडी' साखर म्हणतात. तो शब्द अरबी 'कंदी', त्याआधी फारसी 'कंद' आणि त्याच्याही मागे संस्कृत 'खण्ड' असा मागे जातो. आपल्या खांडसरीतला 'खांड' तोच. प्रसादाची खडीसाखर आणि साधूंच्या बिअरमधली साखर यांचं गोत्र एक आहे, हे मला कळलं तेव्हा मी बायकोला लगेच सांगितलं. तिने फक्त डबा वरच्या फळीवर ठेवला.

साखर संपली की बाटलीत भरताना थोडी साखर आणि यीस्ट पुन्हा घालतात. बाटलीतच दुसऱ्यांदा आंबते. त्यातून तो दाट फेस येतो. डूव्हेलला या सगळ्यात सुमारे ९० दिवस लागतात. साधी लागर काही आठवड्यांत बाजारात असते.

आता आपल्याकडे या. काकांच्या 'पहिल्या घोटाला कळणाऱ्या' स्ट्राँगची कथा कोकणातल्या माडांपासून सुरू होते.

मुंबई इलाख्यात १८७८ साली अबकारी कायदा आला. त्याआधी ठाणे-कुलाब्याच्या किनाऱ्यावर भंडारी माड छेदायचे, माडी काढायचे. आतल्या रानात मोहाची दारू घरोघर, पाड्यापाड्यांवर निघायची. नव्या व्यवस्थेत छेदलेल्या झाडामागे कर बसला आणि छोट्या भट्ट्या बंद करून गाळण्याचं काम सरकारी देखरेखीच्या मोठ्या भट्ट्यांत गेलं. उरणच्या मोहाच्या भट्ट्या त्या काळात नावाजल्या. १८९२ साली तर खास मोहासाठी कायदा झाला : ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत ठरावीक मर्यादेपलीकडे मोहाची फुलं जवळ बाळगणं गुन्हा ठरलं. आता मोह आदिवासींसाठी फक्त दारू नव्हे. फुलं वाळवून ठेवायची, टंचाईच्या दिवसांत उकडून खायची. म्हणजे सरकारी महसुलासाठी धान्याच्या कणगीला कुलूप लागलं.

माडीची ताकद हलकी. सकाळची गोड, दुपारची आंबट, संध्याकाळची जरा चढलेली. ती साठवता येत नाही, दूर नेता येत नाही, त्यामुळे तिच्यावर कर वसूल करणं कटकटीचं. गाळीव दारू पिंपात भरून मोजता येते, मोहोर लावता येते. सरकारला मोजता येईल ते आवडतं. हे बेल्जियमच्या बरोबर उलटं झालं : तिथे कायद्याने लोकांना गाळीवाकडून आंबवलेल्याकडे ढकललं, इथे आंबवलेल्याकडून गाळीवाकडे.

हे काहींना दिसत होतं. १८८० साली पुणे नगरपालिकेचे सभासद असलेल्या जोतीराव फुल्यांनी शहरात वाढत चाललेल्या दारूच्या दुकानांबद्दल लेखी तक्रार केली. १९०८ मध्ये टिळकांच्या पाठिंब्याने पुण्यात दारूच्या दुकानांसमोर स्वयंसेवक उभे राहिले. मद्यनिषेध हा आपल्याकडे नुसता सोवळेपणाचा विषय नव्हता. परक्या सरकारची तिजोरी कशातून भरते याचा तो हिशोब होता. म्हणून काँग्रेसचं मंत्रिमंडळ आल्यावर १ ऑगस्ट १९३९ रोजी मुंबई शहरात दारूबंदी लागू झाली, युद्धकाळात ढिली पडली आणि स्वातंत्र्यानंतर मोरारजी देसाईंच्या आग्रहाने १९४९ चा कायदा होऊन १९५० पासून इलाखाभर पूर्ण बंदी आली.

तो कायदा इतका कडक होता की मद्यार्क असलेली औषधं आणि सुगंधी द्रव्यंही त्यात सापडली. बलसारा नावाच्या एका मुंबईकराने त्याला आव्हान दिलं. १९५१ साली सर्वोच्च न्यायालयाने ती कलमं रद्द केली, बाकीचा कायदा कायम ठेवला. वकिलांना आजही तो खटला पाठ असतो. शहरात मात्र लोकांना पाठ झाले ते 'आंटी'च्या घरांचे पत्ते. चोरून गाळलेली दारू, मागच्या खोलीतलं टेबल, उकडलेली अंडी आणि चणे. चोरट्या दारूची एक सक्ती असते : ती थोडक्यात जास्त चढली पाहिजे. लपवायला सोपी, पकडले जाण्याआधी संपवायला सोपी. तिथे चव कोण बघतो? 'कडक' या शब्दाला घशातल्या जाळाचा अर्थ तेव्हा पक्का चिकटला, असं माझं मत आहे.

१९६० च्या दशकात वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना बंदी सैल होत गेली. गंमत म्हणजे कायदा गेला नाही. महाराष्ट्रात आजही मद्य विकलं जातं ते दारूबंदी कायद्याखालीच. पिणाऱ्याजवळ कागदोपत्री परवाना असावा लागतो, बिअरसाठी वय २१ आणि इतर मद्यासाठी २५. वर्धा १९७५ पासून कोरडा, गडचिरोली १९९३ पासून. चंद्रपुरात २०१५ साली बंदी आली आणि २०२१ मध्ये उठली. या जिल्ह्यांत बायकांनी काढलेल्या मोर्चांना हसणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांनी त्या घरांत महिनाभर राहून यावं.

बंदी सैल झाली तरी जीभ तयार झाली होती. बिअरचे कारखाने निघाले ते लागरचे, आणि बाजार गेला 'स्ट्राँग'कडे. बाटलीच्या नावात हजाराचे आकडे आले, ज्यांचा टक्क्यांशी काहीही संबंध नव्हता. किंगफिशरनेही १९९९ साली स्ट्राँग काढली. आज देशात खपणाऱ्या बिअरमध्ये बहुतांश हीच असते. दोष पिणाऱ्याला देऊ नका. महिन्याचा हिशोब करून पिणारा माणूस बाटलीकडे रुपयाला किती चढते या नजरेने पाहतो. माइल्ड आणि स्ट्राँगच्या किमतीत फरक थोडा, परिणामात फरक मोठा. ६५० मिलिलिटरची ८ टक्क्यांची बाटली म्हणजे ५२ मिलिलिटर शुद्ध मद्य. ज्याला तेही परवडत नाही तो कुठे जातो, हे जून २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत दिसलं. विषारी गावठी दारूने शंभराहून जास्त माणसं गेली. त्याआधी २००४ मध्ये विक्रोळीत असंच झालं होतं. दोन लिटरची अट तिथे कुणी लिहिली नव्हती, पण होती.

मग २०१८ साली केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने व्याख्या ठरवली : ५ टक्क्यांपर्यंत साधी बिअर, त्यापुढे ८ पर्यंत स्ट्राँग. चौकट तिथे संपते. वेस्टमालची ९.५ ची ट्रिपल त्या चौकटीत बसत नाही, डूव्हेलही नाही. काका ज्या देशातून आले तिथे त्या बाटलीसाठी कायद्यात बिअर म्हणून जागाच नव्हती. मग त्यांच्या जिभेवर कुठून असणार?

तरी पुण्याने मधल्या काळात एक काम केलं. २००९ साली सुकेतू तळेकर आणि प्रतीक चतुर्वेदी यांनी तिथे 'डूलाली' सुरू केलं. आपली बिअर आपणच गाळून तिथेच पाजणारी महाराष्ट्रातली ही पहिली जागा समजली जाते. नाव ऐकून परदेशी वाटेल, पण ते आपलं देवळाली आहे. नाशिकजवळच्या देवळालीत इंग्रजांची मोठी लष्करी छावणी होती. मुदत संपलेले गोरे सैनिक मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट पाहत तिथे महिनोन्महिने पडून राहत. ऊन, कंटाळा, दारू आणि मलेरिया. त्यातून डोकं फिरलेल्याला ते 'डूलाली टॅप' म्हणू लागले. टॅप म्हणजे आपला ताप. इंग्रजीत वेडसर माणसाला आजही 'डूलाली' म्हणतात. बिअरच्या नळालाही इंग्रजीत टॅपच म्हणतात, तेव्हा नाव ठेवणाऱ्याला दाद द्यावी लागते.

त्या सैनिकांसाठी लंडनच्या हॉजसनच्या कारखान्यातून आणि पुढे बर्टनहून पिंपं भरून पेल एल मुंबई बंदरात उतरायची. ती प्रवासात टिकावी म्हणून अतिशय कडक केलेली असे, अशी दंतकथा तुम्ही ऐकली असेल. ती खरी नाही. त्यात हॉप्स जास्त असत, मद्य त्या काळच्या मानाने बेताचंच. असो. दीडशे वर्षांनी त्याच मुलखात लोक पुन्हा एल आंबवू लागले, आणि यावेळी पिणाऱ्यांत आपले लोक होते. पुण्यात पाठोपाठ आणखी जागा निघाल्या आणि तिशीतली मुलं 'किती चढते' याऐवजी 'कसला वास आहे' असं विचारू लागली. ही मुलं खिशाने बरी होती, हेही मान्य करायला हवं. आयटीच्या पगारावर सुगंधाला १२ गुण देणं सोपं जातं.

आपल्या या देशातही कायदा आणि पेला यांची जोडी बघण्यासारखी आहे. शारजात पूर्ण बंदी. दुबईत १ जानेवारी २०२३ रोजी मद्यावरचा ३० टक्के पालिका कर उठला, वैयक्तिक परवाना मोफत झाला; २०२५ च्या जानेवारीत कर परत आला. अबू धाबीने २०२१ साली जागेवरच बिअर आंबवून विकण्याचा परवाना देण्याचे नियम केले आणि २०२३ च्या अखेरीस अल मारिया बेटावरच्या गॅलेरियात अशी पहिली जागा उघडली. आखाती देशात कुणी यीस्ट पाळतंय, हे माझ्यासारख्या १९९० च्या दशकात इथे आलेल्या माणसाला अजून खरं वाटत नाही. मात्र तीस टक्के कर कुणावर बसतो याचा विचार करा. हॉटेलात बसून गुण मांडणारा कुरकुर करून पैसे देतो. सोनापूरच्या कामगार वसाहतीत राहणारा माणूस ते हॉटेल फक्त बांधतो.

आता तुम्हाला चाखायचीच असेल तर थोडं सांगतो. ३३ सेंटिलिटरची ९.५ ची बाटली म्हणजे ३१ मिलिलिटर शुद्ध मद्य. ५ टक्क्यांच्या तेवढ्याच बिअरच्या जवळजवळ दुप्पट. तेव्हा एक बाटली दोघांत घ्या. बर्फासारखी थंड घेऊ नका, वास झोपून जातो. फ्रिजमधून काढून दहा-पंधरा मिनिटं राहू द्या. पेला रुंद पोटाचा आणि अगदी स्वच्छ हवा. तेलकट बोटांचा पेला असेल तर फेस टिकत नाही, म्हणून चिवडा नंतर.

आधी वास घ्या. आपल्याला हे सोपं जातं, कारण मसाल्याच्या डब्यात वाढलेलं नाक आहे. मिरी, लवंग, संत्र्याची साल, थोडं पिकलेलं केळं आलं तर ठीक. भिजलेल्या पुठ्ठ्याचा वास आला तर ती बाटली उष्णतेत हवा लागून म्हातारी झाली आहे. आपल्या ऑगस्टमध्ये गोदाम ते दुकान एवढ्या प्रवासातही हे होऊ शकतं. उकडलेल्या मक्याचा, लोण्याचा किंवा कच्च्या हिरव्या सफरचंदाचा वास आला तर गाळताना घाई झाली आहे. मग घोट. लगेच गिळू नका. गोड कुठे सुरू होतं, कुठे संपतं, शेवटी जीभ कोरडी होते का, घशात ऊब आहे की चटका, हे पाहा आणि मग लिहा. बोलायच्या आधी लिहा, नाहीतर टेबलावरच्या सगळ्यात मोठ्या आवाजाच्या माणसाचे गुण सगळ्यांच्या कागदावर जातात.

बाटलीच्या तळाशी यीस्टचा गाळ असतो. तो शेवटी पेल्यात ओतायचा की बाटलीतच ठेवायचा यावर बेल्जियममध्येही दोन मतं आहेत. मी ठेवतो.